हीटर प्लग, आणि निदानाचे पैसे

डिसेंबर उजाडला की डिझेल गाड्यांच्या गॅरेजात एक संवाद हमखास ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "सकाळी लवकर स्टार्ट होत नाही हो." आणि बॉनेट उघडायच्या आत उत्तर येतं, "चारही हीटर प्लग बदलून टाकू." पुष्कळदा गाडी सुरू होतेही, सगळे खूश. पण जेव्हा होत नाही, तेव्हा पुढचं वाक्य असतं "बॅटरी वीक आहे", त्याच्या पुढचं "सेल्फ उघडावा लागेल", आणि मग "नोझल काढून बघू". बिल वाढत जातं, दोष जिथल्या तिथे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात यालाच "सर्व्हर रीस्टार्ट करून बघितला का?" म्हणतात :)

माझं म्हणणं सरळ आहे. हीटर प्लगचा दोष हा डिझेल इंजिनातला शोधायला सगळ्यात सोप्या दोषांपैकी एक. त्याला लागतो एक साधा मल्टिमीटर, अर्धा तास, आणि क्रमाने विचार करायची तयारी. तरी तो शोधला जात नाही, अंदाजाने बदलला जातो. आणि याचं खापर मी मेकॅनिकवर फोडणार नाही. ते गिऱ्हाइकांच्या डोक्यावर फुटायला हवं. कसं, ते शेवटी सांगतो. आधी प्लगकडे बघू.

कंपनीच्या पुस्तकात याचं नाव ग्लो प्लग, गॅरेजात हीटर प्लग. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबाने तापते (सायकलचा पंप जोरात मारला की खालचा भाग गरम लागतो, तेच तत्त्व), आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. ते आपोआप पेटतं. आता गंमत अशी की रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या इंजिनाचं लोखंड थंडगार असतं. दाबून मिळवलेली उष्णता ते लोखंडच पिऊन टाकतं. त्यात बॅटरीही थंडीने मंदावलेली, सेल्फ हळू फिरतो, आणि हळू दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. डिझेलचा फवारा येतो, पण पेटत नाही. अशा वेळी सिलिंडरमध्ये एक छोटीशी लालभडक जागा तयार ठेवायची, एवढंच या प्लगचं काम. धातूच्या प्लगचं टोक साधारण ८५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, सिरॅमिकचं त्याहूनही जास्त.

सगळ्या इंजिनांना त्याची गरज सारखी नसते. जुन्या पिढीच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न सोडता बाजूच्या एका छोट्या कप्प्यात सोडायचे. १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकाचं १.४ लिटरचं डिझेल इंजिन याच जातीचं. त्या कप्प्याच्या भिंती भरपूर उष्णता खातात, म्हणून थंड इंजिन हीटर प्लगशिवाय सुरू होणं मुश्कील. २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली, तिच्या १.३ लिटर इंजिनात कॉमन रेलने डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं. अशी इंजिनं मुंबईच्या हवेत प्लगची मदत न घेताही सहसा सुरू होतात.

आणि इथेच खरी मेख आहे. हा दोष लपतो.

पूर्वीच्या काही इंजिनांत चारही प्लग एकामागोमाग एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक गेला की सगळे गेले, गाडी बंद. त्रासदायक, पण प्रामाणिक. नंतर प्लग समांतर जोडायला लागले. प्रत्येकाला स्वतंत्र वीज. आता एक गेला तरी उरलेले तीन सिलिंडर इंजिन ओढून नेतात, आणि चौथा मिनिटभराने गरम होऊन सामील होतो. मालकाला जाणवतं काय? तर सकाळी थोडा जास्त सेल्फ मारावा लागतो आणि पहिलं मिनिट गाडी थोडी थरथरते. "जुनी झाली आता" म्हणून तो सोडून देतो. मग दुसरा जातो. मुंबईच्या हिवाळ्यात दोन मेलेले प्लग घेऊन माणूस वर्षानुवर्षं हिंडू शकतो. मे महिन्यात तीच गाडी घेऊन तो स्पितीला जातो, पहाटे किल्ली फिरवतो, आणि म्हणतो, "अहो, कालपर्यंत तर ठीक होती!" काल ठीक नव्हती. काल फक्त गरम होतं.

डॅशबोर्डवरचा तो पिवळा वेटोळ्याचा दिवाही यात फारशी मदत करत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा प्लग तापले की नाही हे सांगतच नाही. इंजिनाचं तापमान पाहून टायमर ठरवतो की इतके सेकंद दिवा लावायचा, मग विझवायचा. चारही प्लग मेलेले असले तरी दिवा शिस्तीत लागतो आणि शिस्तीत विझतो. उलट फोक्सवॅगन घराण्यातल्या डिझेल गाड्यांत हाच दिवा लुकलुकायला लागला तर दोष इंजिनाच्या कुठल्याही यंत्रणेत असू शकतो. कधीकधी तर ब्रेकच्या दिव्याचा स्विच खराब असतो. दिवा म्हणजे निदान नव्हे. ज्यांनी एररचा मेसेज एक आणि बग भलताच, असं कधी अनुभवलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर शोधायचं कसं? पहिल्या पायरीला एक रुपयाही लागत नाही. फक्त डोळे आणि नाक.

किल्ली फिरवताना मागच्या धुराकडे कुणालातरी बघायला सांगा. सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतोय आणि मागून पांढरा-राखाडी, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. संशय हीटर प्लगवर. सेल्फ फिरतोय आणि मागून काहीच धूर नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. तिथे प्लग बदलून शून्य फायदा. फिल्टर तुंबलाय का, लाइनमध्ये एअर आलीय का, ते बघा. लडाखसारख्या ठिकाणी असाल तर डिझेलच गोठलं असेल. तिथल्या कडाक्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते उगाच नाही. सेल्फच कण्हत फिरतोय, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल. आणि गाडी दुपारी, गरम इंजिनावरही त्रास देत असेल, तर हीटर प्लगला मुख्य आरोपी करू नका. गरम इंजिनाला त्याची गरजच फारशी नसते. तिथे कॉम्प्रेशन, नोझल, पंप यांची चौकशी हवी.

एवढ्यात निम्मे आरोपी सुटतात. बॉनेट अजून उघडलेलं नाही.

दुसरी पायरी मल्टिमीटरची. चारही प्लगच्या डोक्यांना जोडणारी धातूची एक पट्टी किंवा वायरचा गुच्छ असतो. किल्ली हीटरच्या स्थितीत ठेवून तिथे व्होल्टेज बघायचं. जुन्या १२ व्होल्टच्या यंत्रणेत तिथे बॅटरीच्या जवळपास, ११च्या वर व्होल्ट दिसायला हवेत. शून्य आलं, तर प्लग निर्दोष असू शकतात. फ्यूज, रिले, टायमर यांच्याकडे वळा.

तिसरी पायरी, किल्ली बंद करून पट्टी काढायची आणि प्रत्येक प्लगचा रोध मोजायचा. मीटरची एक सुई प्लगच्या डोक्यावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. थंड, चांगला धातूचा प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तार तुटली, प्लग मेला. स्वस्त मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम रोध असतो, म्हणून आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून तो आकडा बघा आणि वजा करा. आणि नुसत्या आकड्यापेक्षा चौघांची तुलना महत्त्वाची. तिघे ०.७ आणि एक २.५ असेल, तर तो चौथा घराबाहेर पडायच्या बेतात आहे.

पण ओहम सगळं सांगत नाही. चांगल्या प्लगमध्ये टोकाला तापणारी तार आणि तिच्या मागे नियंत्रण करणारी दुसरी तार असते. तापमान वाढलं की या दुसरीचा रोध वाढतो आणि ती आपणहून प्रवाह कमी करते. म्हणून सुरुवातीला एक प्लग १५-२० अँपिअर खेचतो आणि काही सेकंदांत ८-१० वर येऊन स्थिरावतो. हा उतार दिसला, म्हणजे प्लग खरंच तापतोय. हे बघायला क्लॅम्प मीटर लागतो, आणि तोही डीसी मोजणारा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त घरातली एसी वीज मोजतात, घेताना बघून घ्या. साधा मल्टिमीटर मध्ये जोडून अँपिअर मोजायला जाऊ नका, त्याचा फ्यूज उडेल.

आता एक खरं उदाहरण सांगतो, कारण सगळ्यात फसवा दोष यातूनच नीट समजतो.

माझा मामा निफाडचा. द्राक्षवाला. नाशिक जिल्ह्यातली ही बाजू महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड जागांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांच्याही खाली जातो आणि लोक बागांत शेकोट्या पेटवून घड वाचवतात. मामाची जुनी डिझेल गाडी सकाळी धुराचे लोट सोडायची आणि सुरू व्हायची नाही. एका गॅरेजमध्ये चारही प्लग नवे टाकले. फरक शून्य. मग नवी बॅटरी सुचवली, तीही टाकली. किंचित फरक. तिसऱ्यांदा मामा गावातल्याच एका वयस्कर मिस्त्रींकडे गेला. त्यांनी आधी काढलेले जुने प्लग मागितले आणि मोजले. चारही ०.७च्या आसपास. म्हणजे जुने प्लगही चांगलेच होते!

मग त्यांनी पट्टीवर व्होल्टेज बघितलं, पण दोनदा. एकदा वायर प्लगपासून सुटी करून, तेव्हा मीटरने पूर्ण १२ दाखवले. आणि एकदा सगळं जोडून, प्लग चालू असताना. तेव्हा जेमतेम ९. रिलेतून येणारी जाड वायर जिथे बोल्टला बसते, तिथे हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासला, नट आवळला, झालं.

याचं गणित करून बघा. चालू असलेल्या प्लगचा रोध साधारण १.२ ओहम धरा. चार समांतर म्हणजे ०.३ ओहम. त्या गंजाचा रोध फक्त ०.१ ओहम असला, तरी १२ व्होल्टपैकी ३ तोच खातो. प्लगला उरतात ९. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे हिशेबाने उरते साधारण ५६ टक्के. पण वायर सुटी असताना प्रवाहच वाहत नाही, म्हणून गंज काही खात नाही आणि मीटर "सगळं ठीक आहे" म्हणतो. म्हणून मोजायचं ते लोड असताना. टेस्टिंगला झकास चालणारं आणि खरे युजर आले की झोपणारं सॉफ्टवेअर, दुसरं काय!

आता मूळ मुद्दा. मिस्त्रींनी या शोधाला पाऊण तास घालवला. मामाने विचारलं, "किती द्यायचे?" ते म्हणाले, "पार्ट तर काही टाकला नाही, पैसे कसले घेऊ तुमच्याकडून?"

हे वाक्य ऐकून बरं वाटतं. माणुसकी वगैरे. पण मला ते फार खटकलं. ज्याने अंदाजाने चार प्लग आणि एक बॅटरी घातली, त्याचं बिल झालं काही हजारांचं. ज्याने दोष शोधला, त्याचं शून्य. उद्या त्या मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा काय शिकेल? हेच, की मोजण्यात वेळ घालवू नये, पार्ट टाकावा.

यावर लोक म्हणतात, "अरे, एक गेला की चारही बदलायचे असं कंपनीच सांगते." बरोबर आहे. चौघांचं वय सारखंच, एक म्हातारपणाने गेला तर बाकीचे त्याच वाटेवर असतात. पण ते म्हातारपणानेच गेला हे ठरल्यावर. आणि ते ठरवायला काढलेल्या प्लगचं टोक बघावं लागतं. टोक वितळलेलं, खाल्लेलं दिसलं, तर त्या सिलिंडरचं नोझल डिझेल नीट न फवारता गळतंय किंवा टायमिंग चुकलंय अशी शंका घ्यावी. नळी फुगून तडकली असेल, तर व्होल्टेज जास्त मिळालं किंवा रिले चिकटून प्लग चालूच राहिला. अशा ठिकाणी नवे चार घातले, तर तेही त्याच रोगाने जातील. जुने प्लग भंगारात टाकणं म्हणजे क्रॅश झाल्यावर लॉग डिलीट करणं.

शिवाय विनाकारण प्लग काढणं फुकट नसतं. वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला प्लग काढताना हेडमध्येच तुटतो. मग ड्रिलने कोरून काढा, नाहीतर हेड उतरवा. काहीशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचं काम. म्हणून इंजिन कोमट असताना काढायचा, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, आणि पान्याला जोर न लावता पुढे-मागे करत सोडवायचा. ८ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या वर जोर लागत असेल, तर थांबायचं आणि पुन्हा तेल मारायचं. बसवतानाचा जोर याच्या निम्म्याच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

दुसरा पक्ष म्हणतो, "आपल्याकडे कुठे एवढी थंडी! गेले तर जाऊ देत." नव्या गाड्यांत हे अजिबात चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं. या इंजिनांत प्लग गाडी सुरू झाल्यावरही काही काळ तापत राहतात, धूर आणि थरथर कमी करायला. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, काजळीच्या फिल्टरवर भार टाकतं. काही इंजिनांत प्लगचा दोष नोंदला गेला की फिल्टर स्वतःला साफ करायचंच थांबवतो. बरं, या गाड्या दोष लपवत नाहीत. स्कॅनर लावला की पी०६७१ ते पी०६७४ यातला कोड थेट सिलिंडरचा नंबर सांगतो. मात्र तो कोड त्या सिलिंडरच्या सर्किटचा असतो. प्लग, वायर की कंट्रोलर, हे तरीही मोजूनच ठरतं.

आणि एक धोक्याची सूचना. प्लग बॅटरीला थेट लावून लाल होतो का बघायची जुनी पद्धत आहे. नव्या गाड्यांतले बरेच प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. त्यांना १२ लावले की काही क्षणांत संपतात, आणि हातात धरला असेल तर हातही भाजतो. तसंच गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारायचा नाही. लालभडक प्लगवर ईथर म्हणजे सिलिंडरमध्ये स्फोट, पिस्टन फुटू शकतो.

असो. आता खापराचं. आपण आयटीवाले क्लायंटला तासावर बिल लावतो. चार दिवस लॉग चाळून एक ओळ बदलली, तर त्या चार दिवसांचे पैसे घेतो आणि त्याला रूट कॉज अॅनालिसिस असं भारदस्त नाव देतो. कुणी म्हणालं, "एकच ओळ बदललीत, पैसे कसले?" तर आपल्याला राग येईल. आणि हेच लोक शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन म्हणतात, "जरा बघून सांगा ना, काय झालंय." बघून सांगणं हे फुकटातलं काम आहे असं आपणच ठरवून टाकलंय. मग मेकॅनिकने पोट भरायचं कशावर? पार्टवर. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात, तीच गोष्ट वाढते.

तेव्हा या हिवाळ्यात गाडी अडली तर गॅरेजमध्ये जाऊन आधीच सांगा, "दादा, आधी मोजा. काय निघालं ते दाखवा. शोधायचे वेगळे पैसे देतो, पार्ट लागो न लागो." जुने पार्ट परत मागा. मेकॅनिक पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. दुसऱ्यांदा मीटर घेऊनच बाहेर येईल.

मामाने त्या मिस्त्रींच्या खिशात बळेबळे पाचशे रुपये कोंबले, आणि वर एक पेटी द्राक्षं पाठवली. मिस्त्रींनी द्राक्षं तेवढी हसत घेतली, पाचशेतले तीनशे दुसऱ्या दिवशी परत पाठवले. त्यांनी स्वतःच्या पाऊण तासाची किंमत दोनशे धरली. ती वाढवायचं काम आपलं आहे.